ग्रुप वॉकला कुत्रा खांदा उखडतो, एकटा असला की मात्र शहाणा. काय करावं?

चिकूचा_बाप | ११ जानेवारी, रात्री ९.१४

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्रच असतो पण आज उजवा खांदा इतका ठणकतोय की लिहायलाच बसलो.

आमचा चिकू, लॅब, नर, चौदा महिन्यांचा, वजन ३१ किलो. राहायला नाशिकला, गंगापूर रोडला. रोज सकाळी मी त्याला एकट्याला कॉलनीत अर्धा तास फिरवतो तेव्हा काही म्हणजे काही त्रास नाही, मांजर दिसलं तर गोष्ट वेगळी, पण एरवी पट्टा सैल आणि साहेब बाजूनं डुलत चालतात. पण दर रविवारी आमचा सात-आठ कुत्रेवाल्यांचा ग्रुप जमतो, साडेसहाला नवशा गणपतीच्या इथून निघून नदीच्या अंगानं सोमेश्वरकडं जायचं, परत यायचं आणि मग मिसळ. तिथं गाडीचं दार उघडल्यापासून हा मागच्या दोन पायांवर. घशातून खर्र खर्र आवाज, पुढं जीभ, मागं मी. येणारे-जाणारे विचारतात, तुम्ही त्याला फिरवताय का तो तुम्हाला, आणि हा जोक आपणच पहिल्यांदा केला असं प्रत्येकाला वाटतं.

आज दव पडलेलं, गवत ओलं, मी घसरलो, आणि पट्टा मनगटाला गुंडाळलेला त्यामुळं सुटलाही नाही, चार-पाच फूट फरफटत गेलो. ग्रुपमधल्या एक काकू धावत आल्या आणि त्यांनी आधी चिकूला विचारलं, बाळा लागलं का रे.

आत्तापर्यंत केलेले उपाय: ओरडून झालं. पाठीवर हूक असलेला हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा) घेतला, त्यानं तर अजून जोर आला. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा पण घेतला, तो दुसऱ्या रविवारी एका पगच्या पायात अडकला आणि तेव्हापासून कपाटात आहे. घरी शहाणा आणि तिथं राक्षस, हे का होतं ते कोणी सांगेल का?

पाथर्डीफाटा | ११ जानेवारी, रात्री ९.५०

काय भो, आधी ते मनगटाला गुंडाळणं बंद कर, हात जाईल एखाद दिवशी. आणि चोक चेन आण, ओढलं की गळ्याभोवती आवळते ती साखळी. दोन झटके नीट बसले का सरळ होतो. आमच्या शेफर्डला तसंच शिकवलं, लय लाडात काही अर्थ नाही.

श्वानवेडी | ११ जानेवारी, रात्री १०.३३

मनगटाबद्दल शंभर टक्के अनुमोदन, बोटांना गुंडाळणं तर त्याहून वाईट. चोक चेनला मात्र माझा ठाम नकार आणि कारण भावनिक नाही.

कुत्र्याच्या गळ्यात पुढच्या बाजूला श्वासनलिका असते, थायरॉइड तिथंच, आणि ३१ किलोचा लॅब धाव घेऊन अडतो तेव्हा ते सगळं वजन त्या एका रेषेवर येतं. तो खर्र आवाज त्याचाच आहे, साध्या पट्ट्यावरसुद्धा. दुसरं म्हणजे झटका बसतो त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर काय असतं याचा विचार करा. दुसरं कुत्रं. तुम्हाला वाटतं त्याला कळलं की ओढायचं नाही. त्याला कदाचित एवढंच कळतं की समोर कुत्रं आलं की गळा दुखतो. आज आनंदानं उड्या मारणारा चिकू सहा महिन्यांनी कुत्री बघून गुरगुरायला लागला तर मग तुम्ही वेगळा धागा काढाल, कुत्रा अचानक रागीट झाला म्हणून.

आणि हो, कुत्र्याला एका बाजूनं ओढलं की तो आपसूक दुसऱ्या बाजूला जोर लावतो. आपल्याला कोणी गर्दीत मागून दंड धरून खेचलं तर आपणही अंग पुढंच टाकतो. म्हणजे तुम्ही मागं धरून ठेवताय त्यातूनच त्याला पुढं जोर मिळतोय.

पाथर्डीफाटा | ११ जानेवारी, रात्री १०.४१

ताई आमचा शेफर्ड अकरा वर्षं जगला आणि कोणावर गुरगुरला नाही. बाकी तुमचं चालू द्या.

गोदाकाठ | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

चिकूचे बाबा, उपायावर यायच्या आधी चार गोष्टी सांगा. गाडीतून उतरल्यापासून ग्रुपपर्यंत अंतर किती आणि ते तुम्ही कसं कापता? ग्रुपमध्ये तुम्ही पुढं असता, मधे की मागं? तो ज्याच्याकडं ओढत जातो तिथं पोहोचल्यावर नेमकं काय होतं? आणि पट्टा त्या एका तासात सैल असा किती वेळ असतो? पुढच्या रविवारी कोणाला तरी मोबाइलवर शूट करायला सांगा, सुरुवातीची पाच मिनिटं फक्त.

तुमच्या खरेदीबद्दल, दोन्ही वस्तू ओढायला शिकवणाऱ्याच आहेत. पाठीवर हूक म्हणजे जोर छातीवर आणि खांद्यांवर पसरतो, बर्फात गाडी ओढणाऱ्या हस्कीला याच तत्त्वावर जुंपतात, त्याला ओढणं सोपं जावं म्हणून. आणि लांब होणाऱ्या दोरीत स्प्रिंग असते, ती कायम थोडी ताणलेलीच राहते आणि कुत्र्यानं जोर लावला की लांबते. म्हणजे जोर लावला की रस्ता मिळतो, हा धडा तुम्ही पैसे देऊन विकत घेतलात :)

बीगलबाई | १२ जानेवारी, दुपारी १.२०

आमच्याकडं बीगल आहे त्यामुळं मला या विषयावर बोलायचा अधिकार जन्मसिद्ध आहे. एक साधी गोष्ट लोक विसरतात की आपली चाल कुत्र्यासाठी फारच संथ असते, आपण तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, त्याची सहज दुडकी चाल त्याहून जास्त. त्यामुळं शेजारी चालणं हे त्याच्यासाठी काम आहे काम, स्वभाव नाही. आणि कामाला पगार लागतो. आमची बाई वास घेण्यासाठी जीव टाकते, मग तिचा पगार तोच. वीस पावलं सैल पट्ट्यावर चालली की मी म्हणते 'घे वास' आणि मग ती त्या खांबाशी तीन मिनिटं काय वाचत बसायचं ते बसते. खाऊ संपतो, खांब संपत नाहीत.

नानाकाका | १२ जानेवारी, दुपारी ४.०२

एवढं कशाला? नदीवर मोकळा सोडायचा. कुत्रं दमलं की आपोआप मागं मागं येतं. आम्ही गावाकडं कधी पट्टा लावला नाही.

श्वानवेडी | १२ जानेवारी, दुपारी ४.१५

काका, गावाकडची गोष्ट वेगळी. नदीकाठच्या त्या भागात रस्त्यावरच्या कुत्र्यांचे आपापले इलाके आहेत, पहाटे चालायला येणारी वयस्कर माणसं आहेत, पलीकडं वाहनांचा रस्ता. ज्याला हाक मारून बोलावता येत नाही असं चौदा महिन्यांचं पोरगं मोकळं सोडायचं म्हणजे कठीण आहे. शिवाय परवा संक्रांत. पुढचे पंधरा दिवस झुडपांत मांजा लोंबत असतो, नायलॉन मांजावर बंदी आहे तरी मिळायचा तो मिळतोच. घरी आल्यावर पंजे, बोटांच्या मधली जागा आणि काखा तपासा सगळ्यांनी.

चिकूचा_बाप | १८ जानेवारी, दुपारी १२.३०

व्हिडिओ काढला. बघून जेवण गेलं नाही.

गाडीपासून ग्रुपपर्यंत साधारण साठ-सत्तर पावलं. पट्टा सैल असा एकही सेकंद नाही. मी तोंडानं 'अरे अरे अरे, हळू' म्हणतोय आणि पायांनी त्याच्या मागं जवळजवळ पळतोय, म्हणजे तो ओढतोय आणि मी वेग वाढवतोय! मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी असं करतो. मग पुढं आमचा एक मित्र, तो लांबूनच गुडघ्यावर बसून हात पसरतो, 'आलं रे आलं माझं पिल्लू', चिकू शेवटची दहा पावलं हवेतच, छातीवर आदळतो, तो त्याला दोन्ही हातांनी कुरवाळतो, खिशातून बिस्किट काढतो. एकूण छत्तीस सेकंद. मग सगळी कुत्री एकमेकांचं हुंगून घेतात, पट्ट्यांची वेणी होते, ती सोडवून आम्ही निघतो आणि तिथून मी कायम शेवटी, कारण गाडी लॉक करायला, पाण्याची बाटली घ्यायला मीच मागं राहतो.

गोदाकाठ, तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या छत्तीस सेकंदांत आहेत बहुतेक.

गोदाकाठ | १८ जानेवारी, रात्री ८.४८

छान शूट केलंत. मग आता मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

चिकू बिघडलेला नाही, चिकू हुशार आहे. कॉलनीत ओढून काही मिळत नाही म्हणून तो ओढत नाही. नदीवर ओढलं की छत्तीस सेकंदांत मित्र, बिस्किट आणि सात कुत्री मिळतात. दर रविवारी, न चुकता. एवढा पक्का क्लास तर पैसे देऊनही मिळत नाही. त्यामुळं तुम्ही पुढचा एक तास 'हळू, हळू' केलंत तरी उपयोग नाही, त्या दिवसाचा धडा पार्किंगमध्येच शिकवून झालेला असतो. सगळी मेहनत त्या साठ-सत्तर पावलांवर करायची, बाकी फिरणं सध्या कसंही होवो.

रविवारी वीस मिनिटं आधी जा. ग्रुप जमतो तिथं गाडी लावू नका, लांब लावा. उतरायच्या आधी गाडीतच दोन मिनिटं बसा, त्याचं हुंकारणं थांबेपर्यंत दार उघडू नका. उतरल्यावर आधी उलट्या दिशेला चाला. खाऊ डाव्या हातात, आणि द्यायचा तो कायम पॅंटच्या शिवणीला लागून, गुडघ्याच्या थोडं वर. हे महत्त्वाचं आहे, हात पुढं करून दिला तर कुत्रा पुढं येऊन उभा राहतो, शिवणीपाशी दिला तर त्याला शिवणीचीच ओढ लागते. सुरुवातीला दर दोन-तीन पावलांना एक, तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कंजुषी नको आणि तुकडा मोठाही नको, जेवढं तिथं जाईल तेवढं सकाळच्या जेवणातून कमी करा, लॅब आहे, फुगायला वेळ लागत नाही.

पट्टा ताणला की नुसतं खांबासारखं उभं राहायचं असं बरेच जण सांगतात. एकट्या कुत्र्याला ते चालतं. ग्रुपसमोर उभं राहिलात तर तो तिथंच बघत बघत तापत जातो. त्यापेक्षा ताण आला की तोंडानं काही न बोलता वळा आणि ग्रुपपासून दूर चालायला लागा. झटका न देता वळायचं. तो मागून येऊन शिवणीपाशी आला की खाऊ, मग परत ग्रुपकडं तोंड. सैल असला तर ग्रुप जवळ येतो, ताणला तर ग्रुप लांब जातो. हे गणित त्याला चार-पाच खेपांत दिसायला लागतं, फक्त त्यात अपवाद नको. दहापैकी एकदा जरी ओढून पोहोचला तर तो त्या एकासाठी नऊ वेळा प्रयत्न करतो, लॉटरीवाल्यासारखा.

एखाद्या शांत कुत्र्याच्या मालकाला लवकर बोलवा आणि रस्त्याच्या दोन कडांनी, पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून, एकाच दिशेनं समांतर चाला. तोंडासमोर तोंड येऊ देऊ नका. चिकू खाऊ घेतोय आणि मान वळवून तुमच्याकडं बघतोय म्हणजे अंतर बरोबर. खाऊ तोंडातून पडला किंवा त्यानं नाकच फिरवलं तर फार जवळ आहात.

छातीवर हूक असलेला हार्नेस घ्या, ओढलं की तो सरळ न जाता बाजूला वळतो, त्यामुळं खांदा वाचेल. पण ती कुबडी आहे, शिकवायचं काम तो करत नाही. पट्टा साधा सहा फुटी. फास अंगठ्यात अडकवून वरून मूठ बंद करायची, गुंडाळायचं नाही.

आणि तो मित्र. खरं शिक्षण त्याला लागणार आहे, त्यासाठी खाऊ तुमचा तुम्ही ठरवा.

तिखट_मिसळ | १८ जानेवारी, रात्री ९.३०

मस्त प्रतिसाद. बाजूला एक प्रश्न, खाऊ म्हणून द्राक्षं चालतात का? दिंडोरीला मळा आहे, सीझन चालू झालाय, आमचा गड्या बागेत पडलेले मणी खातो असं वाटतं.

श्वानवेडी | १८ जानेवारी, रात्री ९.३४

नाही!!! द्राक्षं नाही, बेदाणे-मनुका तर मुळीच नाही. कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. किती खाल्ल्यावर होईल ते ठरलेलं नाही, एखादा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोडक्यात जातो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं, आणि हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेच्या झाडाखालीही लक्ष ठेवा. खाल्लंय असं दिसलं तर उलट्या व्हायची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर. तुमच्या गड्याला बागेत आता पट्ट्यावरच न्या.

खाऊ म्हणून उकडलेलं चिकन (कांदा-लसूण-मीठ काही नको), पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं. घरी रताळं चालतं, नदीवर सात कुत्र्यांसमोर रताळ्याला कोण विचारतंय, तिथं चिकनच काढा.

चिकूचा_बाप | २५ जानेवारी, दुपारी २.१०

रिपोर्ट. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. ग्रुपपर्यंत पोहोचायला एकवीस मिनिटं लागली, अकरा वेळा वळलो, एक आजोबा कट्ट्यावर बसून मोजत होते, त्यांनीच आकडा सांगितला. पण पोहोचलो तेव्हा पट्टा सैल होता. मग सगळे निघाले आणि परत आपलं तेच. ग्रुप पुढं गेला की चिकू ताणतो, मी वळतो, तेवढ्यात ग्रुप अजून पुढं. शेवटी हात दुखायला लागले आणि मी गप सोडून दिलं.

शिवाय ग्रुपमध्ये एक जण म्हणाला, एका कुत्र्यासाठी आम्ही काय परेड करायची का, मिसळीला उशीर होतो. वाईट वाटलं खरं सांगायचं तर.

बीगलबाई | २५ जानेवारी, दुपारी ३.००

तुम्ही मागं आहात हाच घोळ आहे. पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या जातात तेव्हा बघा, पुढचे टाळ वाजवत आरामात चालतात आणि शेवटचा माणूस कायम पळतच असतो. पुढचा जरा थांबला की मागचे दाटतात, पुढचा निघाला की मागे फट पडते आणि ती भरायला धावायचं. कुत्र्याला ती फट दिसते ना. त्याच्या हिशोबानं कळप निसटून चाललाय.

चिकूला सगळ्यात पुढं घ्या. पुढं गाठायला कोणी नाही तर ओढायचं कोणाकडं? आणि जास्तीत जास्त दहा मिनिटं ग्रुपबरोबर, मग बाजूला होऊन पाच मिनिटं गवतात खाली नाक घालू द्या, चित्त थाऱ्यावर येतं. पूर्ण तास टिकवायचाच असं कोणी सांगितलंय? अर्ध्यातून घरी गेलात तरी चालतं.

परेडवाल्याला सांगा की गेल्या वर्षभरात त्याची मिसळ चिकूमुळं कधी थंड झाली नाही, तुमचा खांदा झाला.

गोदाकाठ | २५ जानेवारी, सायंकाळी ६.२२

पुढं घ्यायच्या सल्ल्याला +१. एक भर, थांबे. सगळे गप्पा मारायला थांबतात तिथं कुत्री आपोआप एकमेकांवर चढतात. थांबा आला की तुम्ही चालत राहा, छोटा गोल मारा.

पाथर्डीफाटा | १ फेब्रुवारी, रात्री १०.१५

एक विचारू का. शेफर्ड गेल्यापासून घरात कुत्रं नव्हतं. भाच्यानं गावठी पिल्लू आणून ठेवलंय, अडीच महिन्याचं, कान नुसते रडारसारखे. याला पट्टा कधीपासून? चेन वगैरे नाही लावणार, आधीच सांगतो, लगेच तुटून पडू नका.

श्वानवेडी | १ फेब्रुवारी, रात्री १०.२०

अय्या!! फोटो टाका आधी!

आजपासूनच, घरात. हलका कापडी पट्टा, जेवताना पाच मिनिटं घालायचा आणि काढायचा म्हणजे पट्टा दिसला की जेवण असं डोक्यात बसतं. मग गच्चीवर दोरी नुसती मागं लोळू द्या, तुम्ही चाला, शेजारी आलं की शिवणीपाशी खाऊ. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज रहदारी दाखवा, हॉर्न ऐकू द्या. गावठी लवकर शिकतात आणि लवकर कंटाळतात, दोन-तीन मिनिटांचे धडे पुरे.

चिकूचा_बाप | १५ फेब्रुवारी, सकाळी ११.४०

पाच रविवार झाले धागा काढून. मधला एक पूर्ण वाया गेला, रस्त्यावरची तीन कुत्री मागं लागली, त्या दिवशी चिकन काय आणि शिवण काय, उचलून गाडीत टाकला आणि घरी आलो.

आजचं सांगतो. गाडी लांब लावली. वळावं लागलं दोनदा. मित्राला मी महिनाभर रोज मेसेज केलाय, शेवटी त्याच्या बायकोनं दम दिला असं कळलं. तर तो आज उभा राहिला, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात, तोंड नदीकडं. वीसेक फुटांवर आलो आणि चिकूला तो दिसला. पट्टा एकदम सरळ झाला, हूक खणकन वाजला, मी वळायला पाय उचलला तेवढ्यात तो थांबला. मान वळवली. माझ्याकडं बघितलं, मग पॅंटकडं. पट्टा खाली लोंबला, असा जमिनीला टेकेल इतका. मी खाऊ द्यायच्या ऐवजी म्हटलं 'जा', आणि तो गेला, मी बरोबर पळालो, आणि मित्र खाली बसून त्याला कुरवाळत बसला. मित्राचे डोळे भरलेले मी पाहिले पण तो म्हणतोय गारठ्यानं.

पुढं राहायला लागल्यापासून पंचवीस मिनिटं तरी जातात नीट. त्यानंतर तो थकतो आणि येडा होतो, मग आम्ही दोघं गवतात. परेडवाला आता मागं असतो, त्याचा बॉक्सर ओढतो, आज विचारत होता हार्नेस कुठून घेतला.

पाथर्डीफाटा | १५ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

भारी भो. लसी झाल्या का आमचं गावठी पण आणतो रविवारी. किती वाजता? मी आपला गपचूप मागं राहीन.

चिकूचा_बाप | १५ फेब्रुवारी, दुपारी १२.११

साडेसहा. मागं नका राहू, पहिले दोन-तीन रविवार पलीकडच्या कडेनं चाला. आणि चिकू दिसला की हाक मारू नका, नदीकडं बघा.